बोलणं काय कळंना

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सांगवीला माझ्या माहेरी जेवणं उरकून आम्ही रविवारचा सिनेमा लावला होता. अर्ध्यातच आबा म्हणाले, "ह्या टीव्हीचं बोलणं काय कळंना बघ. नुसतं गुरगुर गुरगुर."

आबा म्हणजे माझे वडील. सबंध नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या मिलमध्ये काढली. ऊस चरकात जातो आणि शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही, ती जागा. मला शेळगावला दिलं, तिथल्याच शाळेत मी गणित शिकवते आणि दर रविवारी सकाळी स्कूटर काढून सांगवी गाठते. आईशी बोलायला मला आठवडा पुरत नाही. आबांशी बोलायला मात्र विषयच नसायचा. मुळात माणूस अबोल. फोन कधी घेतला नाही. "तुझ्या आईसंगं बोल" एवढं म्हणून लांब व्हायचे. आमचं जे काही जमायचं ते रविवारच्या सिनेमाला. शेजारी शेजारी बसायचं, एकाच जागी हसायचं, नटांची उणीदुणी काढायची. बाप म्हणून ते मला तेवढ्याच तीन तासांत भेटायचे. त्यामुळे टीव्हीचं बोलणं कळत नाही म्हटल्यावर मी घाबरले, आणि घाबरले की मी कामाला लागते.

आबांची सिनेमाबद्दलची मतं आमच्या घरात थट्टेचा विषय होती. मिशीवाला नट त्यांना चालायचा नाही. "मिशा लई हायत्या, ह्याच्यात काय दम न्हाय," असं म्हणून त्यांनी भलेभले नट निकालात काढले होते. दक्षिणेतले सिनेमे हिंदीत करून दाखवतात ते लागले की उठून गोठ्याकडं जायचे. नट पाठमोरा बोलला की चिडायचे, "हिकडं तोंड करून बोल की लेका!" मी खोखो हसायचे. गणिताची बाई असून ही तीन उदाहरणं मला कधी एकाखाली एक मांडावीशी वाटली नाहीत.

मी बारामतीच्या दुकानातून एका माणसाला बोलावून आणलं. त्यानं टीव्ही उलटा करून दाखवला. "मॅडम, आता टीव्ही झाले पातळ. स्पीकर मागं गेले. आवाज जातो भिंतीकडं, माणसाकडं येतच न्हाय." मला ते पटलं. त्यानं रिमोट घेऊन ढोलाचा जाड आवाज कमी केला, माणसांच्या बोलण्याचा वाढवला. आबा म्हणाले, "आता झ्याक हाय." पुढच्या रविवारी विनोदी सिनेमा लावला. आई हसली, मी हसले, आबा आमच्याकडं बघून मग हसले.

मग मी साउंडबार आणला, टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो असं कुठंतरी वाचलं म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या खिळे ठोकून भिंतीवर टांगल्या. आई म्हणाली, "लोकं म्हणतील घरात ढेकणं झाल्यात." पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, घामाघूम होऊन सिनेमा बघितला. आबा म्हणाले, "लई फरक पडला." आणि तासाभरानं बसल्या जागी पेंगायला लागले. माझे आबा, सिनेमात कधी डोळा न मिटणारे.

पडद्याच्या खाली बोलणं लिहून येतं, तेही लावून पाहिलं. "अक्षरं बारीक हायती," आबा म्हणाले. मी मोठी केली. मग ते नुसतं "व्हय व्हय" म्हणाले. तिथं तरी मला शहाणपण यायला हवं होतं.

शेवटी हेडफोन. कानांवर ते दोन काळे वाडगे चढवून आबा विमान चालवणाऱ्यासारखे ताठ बसले आणि सबंध सिनेमाभर मान डोलवत राहिले. "बेस हाय. अगदी कानात बोलत्यात." सिनेमा संपल्यावर मी हेडफोन उचलले तर ते टीव्हीला जोडलेलेच नव्हते. मीच विसरले होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "ऐकायचंच नसेल तर तसं सांगा ना आबा! मी काय येडी म्हणून राबतेय?" आबांनी माझ्या तोंडाकडं डोळे बारीक करून बघितलं, मान जरा वाकडी करून पुन्हा बघितलं आणि बाहेर जाऊन बसले. ते बघणं आठवलं की आजही मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी मी शेवटचा प्रयत्न म्हणून गेले. साउंडबारची जागा बदलायची होती आणि त्याची वायर पुरेना, म्हणून टीव्हीच उचलून आबांच्या कॉटपुढं स्टुलावर आणला, दोन हातांच्या अंतरावर. जुना काळ्यापांढऱ्यातला सिनेमा लागला होता, कुणा खोट्या जावयाची फजिती होत होती. आणि आबा हसले. आमच्याकडं न बघता, आमच्या आधी, मांडीवर थाप मारून हसले. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली, "जमलं गं! वायरचाच घोळ होता!" आई स्वयंपाकघरात होती. तिनं त्याच वेळी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. आमचा मिक्सर म्हणजे पिठाची गिरणीच. मला टीव्हीतलं एक अक्षर ऐकू येईना.

आबा मात्र हसत होते.

मी बघत राहिले. जावई काहीतरी बोलला, आबा हसले. सासरा काहीतरी बोलला, आबा "आता घावला!" म्हणाले. मी रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण बंद केला. मिक्सरही थांबला. घरात चिडीचूप. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि आबा खुशीत बघत होते. मधेच मला म्हणाले, "आता आवाज कसा सपष्ट येतोय बघ."

मी स्वयंपाकघरात गेले. आई भांड्यातली चटणी काढत होती. तिला म्हटलं, "आबांना ऐकू येत नाही." आईनं चमचा खाली ठेवला नाही. "मिलमधी कुणाचं कान ऱ्हायल्यात?" ती म्हणाली. "सगळ्यांचंच जात्यात. त्यात सांगायचं काय?"

"कधीपासून?"

"तू शाळंत असशील तवाधरनं. तोंडाकडं बघून समदं कळतं त्यांस्नी. तितं बोलणंच तसं असतं. तोंडाकडं बघायचं न्हायतर हातानं खुणा. आन वाफंत तोंडबी दिसंना झालं तर पाठीवर थाप मारायची. येक थाप म्हंजी थांब, दोन म्हंजी चालू दे."

मी पाटावर बसले. आई नेहमी आबांच्या समोर जाऊन, त्यांच्या तोंडाशी तोंड आणून बोलायची, ते मी म्हाताऱ्या जोडप्याचं प्रेम समजत होते. मास्क लावायच्या दिवसांत आबा कुणाशी बोलेनासे झाले, तेव्हा आजाराला घाबरले असं आम्ही ठरवून टाकलं होतं. आणि पाठीवरच्या त्या दोन थापा. दहावीचा निकाल लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, सासरी निघताना मी ओक्साबोक्शी रडत होते तेव्हा. इतर बाप डोक्यावरून हात फिरवतात, माझा बाप पाठीवर दोनदा थापटतो म्हणून मी त्यांच्यावर मनातून रुसलेही होते. चालू दे, म्हणत होते ते.

मग डोक्यात दुसरा प्रश्न आला. कान तर केव्हाच गेले होते. मग दिवाळीनंतर काय बिघडलं? टीव्ही जवळ आणल्यावरच बोलणं का कळायला लागलं?

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी आबांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. आबांना मधुमेह जुना. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झाला होता. "कडेकडेचं दिसत राहील," डॉक्टर म्हणाले. "बरोबर समोर जे बघतील ते पुसट होत जाईल. माणसांचे चेहरे, अक्षरं, असं. इंजेक्शनं देऊ. पण गेलं ते परत येईल असं मी सांगत नाही." मी विचारलं, चष्मा? ऑपरेशन? इंदापूरला, पुण्याला कुणी? ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी पुण्याचा पत्ता दिला. पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

कानाचं मशीनही घेतलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा आबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "काढ पोरी. कानात मिल चालू झाली." कानाच्या डॉक्टरांनी समजावलं, इतक्या वर्षांनी आवाज आत जाईल, पण त्याचे शब्द होतीलच असं नाही. सवय करावी लागेल. आबांनी महिनाभर नेटानं सवय केली. कुत्रं भुंकतंय, ट्रॅक्टर आला, एवढं कळायला लागलं. माणूस काय म्हणतोय ते कळलं नाही. मशीन आता डबीत आहे.

टीव्ही दोन हातांवरून एका हातावर आला. मग आबा नाक लावून, तिरके बसून, डोळ्याच्या कडेनं बघायला लागले. मग तेही थांबलं. मी समोर बसून एकेक शब्द फोडून बोलते, आई बोलते. ते मान इकडून तिकडून फिरवून आमचं तोंड शोधतात. कधी एखादा शब्द सापडतो. बहुतेक वेळा "व्हय व्हय" म्हणतात. घरातली एखादी गोष्ट दुरुस्त होणारच नाही असं मला आजवर वाटलं नव्हतं. आता त्यांच्यापुढं नुसती बसते. मला काही करता येत नाही, एवढंच खरं आहे.

गेल्या रविवारी जेवणानंतर आबा आपणहून म्हणाले, "लाव की सिनेमा." मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी कॉटवर शेजारची जागा हातानं थोपटली. मी टीव्ही लावला, साउंडबार लावला, जाऊन बसले. आबांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला. मला वाटलं, माया. थोड्या वेळानं पडद्यावर काहीतरी विनोदी झालं, मी हसले आणि आबाही हसले, अगदी माझ्याबरोबर. पुन्हा मी हसले, पुन्हा ते हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी पाठ हलली की हसायचं, असं त्यांनी जमवलं होतं.

मग मला रडू थांबवता आलं नाही. पडद्यावर तर कुणी नुसतं जेवत होतं. मी तोंडात पदर कोंबला, आवाज बाहेर येऊ दिला नाही. त्याची काही गरज नव्हती, पण दिला नाही. सगळी पाठ गदगदत होती आणि तिच्यावर हात ठेवून आबा मोठमोठ्यानं हसत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"लई हसवतंय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मी हात लांब करून त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडं तोंड केलं. सिनेमा अजून तासभर होता. त्यातलं एक वाक्यही मला ऐकू आलं नाही.