दोघांना बसेल अशी होडी

मी दवाखान्यात असताना बायकोनं माझी होडी विकून टाकली. घरी आल्यावर काठी टेकत खाडीपर्यंत गेलो, तर माडाच्या बुंध्याला नुसतं दावं लोंबत होतं. मी जो काही तमाशा केला तो आजूबाजूच्या चार घरांनी ऐकला असेल. ती पायरीवर उभी राहून ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "आता एकट्यान पाण्यात जावचा नाय." आणि चहा ठेवायला आत गेली.

अर्धांगाचा झटका डाव्या अंगाला आला होता. पाय बऱ्यापैकी परत आला. हात मात्र आळशी कारकुनासारखा झाला. सांगितलेलं काम करील, पण त्याला वाटेल तेव्हा. मी आयुष्यभर कचेरीत नोकरी केली, म्हणून ही उपमा मला बरी सुचते. दिवसभर लोकांच्या जमिनीची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी खाडीत गरी टाकून कुणाचंच काही ऐकायचं नाही, असा माझा संसार चालला होता. मासा मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी बरं. ते बंद झालं आणि मी खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागलो. जेवण नको, पेपर नको, कुणी आलं तर बोलणं नको. डॉक्टर गोळ्या बदलून बघत होते. उपयोग होत नव्हता, हे मला कळत होतं आणि तिलाही.

असे काही महिने गेल्यावर एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "होडी घेवया. पण दोगांची. मी मागे बसतलंय."

तिला पोहता येत नाही. खाडीच्या काठावर जन्म गेला, तरी पाण्यात गुडघ्यापलीकडे ती कधी उतरलेली नाही.

मग आमचं बघणं सुरू झालं. गोव्यात हॉटेलात नोकरीला असलेल्या मुलानं फोनवर निकालच दिला. "बाबानू, जेट स्कीच घेवया. हाताक काय काम नाय, नुसता बसाचा." म्हणून आम्ही देवबागला एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. पर्यटकांना पाण्यात फिरवणं हा त्याचा धंदा, आणि वापरलेली जलवाहनं तो विकतोही. जेट स्कीवर त्यानं मला आपल्या मागे बसवलं. ती सुटली आणि माझा डावा हात त्याच्या कमरेवरून केव्हा निसटला ते कळलंच नाही. उजव्या हातानं त्याचं लाइफ जॅकेट धरून मी कसाबसा काठाला लागलो. बायकोनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्या माणसाला विचारलं, "ह्या मासे धरूक आसा काय मासे पळवूक?"

नंतर हवा भरायची रबरी होडी निघाली. मला ती आवडली होती, घडी करून पडवीत ठेवता आली असती. पण बायकोनं बोटानं दाबून बघितली आणि मान हलवली. आमच्या बाजूला खाडीतल्या प्रत्येक दगडावर कालवं चिकटलेली असतात, आणि कालवाच्या शिंपीची कड सुरीसारखी. "एक कालव लागला काय फसाक करून फुटतली," ती म्हणाली. तीही गेली.

शेवटी राहिली केशरी रंगाची, प्लास्टिकची, दोन बैठकींची आणि दोन वल्ह्यांची कयाक. हलकी, रुंद, उथळ पाण्यात चालणारी. विकणाऱ्यानं शुद्ध मराठीत बजावलं, "काका, मध्यावर बसायचं. काही झालं तरी कुठल्याही बाजूला कलायचं नाही." मला थोडा रागच आला. खाडीत हाडं झिजवलेल्या माणसाला हा शिकवणार! मी पुढे बसलो, ती मागे. पाणी कमरेएवढं होतं. दहा-बारा हात गेलो असू, तेवढ्यात पर्यटकांची एक बोट जवळून गेली आणि तिची लाट आडवी आली.

आम्ही दोघंही त्याच क्षणी डावीकडे कललो.

आमच्याकडच्या लाकडी होडीला डाव्या अंगाला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांना बांधलेला ओंडका पाण्यावर तरंगत असतो आणि होडीला सावरून धरतो. लाट आली की सगळे त्याच्या बाजूला भार टाकतात. तान्ह्या पोरालासुद्धा त्या बाजूला घेतात. हे कुणी शिकवत नाही आणि अंगातून जातही नाही. कयाकला कुठली आली उलांडी! क्षणात होडी वर आणि आम्ही खाली.

पायाला वाळू लागली तसा मी उभा राहिलो. बायको दिसेना. मग अंगातल्या लाइफ जॅकेटमुळे ती खोकत वर आली, केस तोंडावर, चष्मा एका कानाला लटकलेला. मी हात पुढे केला, तो नेमका डावा निघाला आणि तिला धरता धरता सुटला. तिनंच माझं मनगट घट्ट पकडलं. संपलं, असं वाटलं मला. आता ही खाडीचं नाव काढू द्यायची नाही. पुन्हा ती खुर्ची आणि ती भिंत. खरं सांगतो, तिथे पाण्यात उभा असताना मला रडू आलं. तोंड ओलंच होतं म्हणून निभावलं.

तिनं पदर पिळला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "उलांडी नाय हेका, विसारलव आपण. आता म्हायत पडला. बसा परत."

विकणारा हसायचं की घाबरायचं, या पेचात होता. आम्ही परत बसलो. त्या दिवशी कयाक टेंपोत घालूनच घरी आणली.

माझी मूठ वल्ह्यावर टिकत नाही म्हणून तिनं जुन्या साडीच्या काठाची पट्टी शिवली आणि डावा हात वल्ह्याला सैलसा बांधला. पहिल्या सकाळी खाडीच्या वरच्या अंगाला, समुद्राकडे पाठ करून तिवरांच्या झाडीकडे निघालो. तिथे माझी गरी टाकायची जागा आहे. मी वल्हवत होतो आणि होडी चालत होती. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला! आपण अजून अगदीच कामातून गेलेलो नाही, असं वाटलं. तिला दोन-तीनदा ऐकवलंही, "बघितलंस?"

तिवरांच्या जवळ आल्यावर हात दुखायला लागला. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. होडी मात्र तशीच चालली होती, होती त्याच वेगानं. मागे वळलो असतो तर पुन्हा उलटलो असतो, म्हणून समोर बघूनच विचारलं, "मागे तू वल्हवतंस काय गो?"

"छ्या! भरती आसा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पाणीच होडी व्हरता."

तिवरांच्या मुळ्या पाण्याच्या वर वीतभर ओल्या होत्या. ओहोटी लागली होती, आणि पाणी आमच्या अंगावर समुद्राकडे धावत होतं. इतक्या वर्षांत या बाईचे उपकार मी कधी तोंडानं मानलेले नाहीत. तेव्हाही मानता आले नाहीत.

"होय गो, भरतीच ती," मी म्हणालो आणि वल्हं उचललं.