पंगतीआधीचा वाटा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारच्यांच्या दिवाणखान्यात एका कानात बोट घालून उभी होते, कारण त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता आणि आमच्या महादेवपुऱ्याच्या घरी अजून फोन आलेला नव्हता. सुमित्रावहिनी एवढंच म्हणाल्या, "मालू, हे गेले. स्वल्प लवकर ये." दोन बस बदलून बसवनगुडीला त्यांच्या घरी पोचले तोवर अण्णाला न्यायची तयारी झाली होती. त्याला आता दोन महिने होत आले. त्याच्यावर लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आणि मी टाळत राहिले... दुःखामुळे टाळलं असतं तर बरं होतं. मी लाजेने टाळत होते.

वाचक माझ्या थोरल्या भावाला कवी म्हणून ओळखतात. घरात तो अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलणारा माणूस होता. दिवसभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी करून संध्याकाळी घरी आला की लुंगी लावून स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचा आणि थंडीच्या दिवसांत त्या शेंगांचा ढीग पुढे ओढायचा. त्याच्या कविता तिथेच झाल्या. ओठ हलत असायचे, बोटं चालत असायची, आणि ओळ जमत आली की दाणे कचऱ्यात आणि टरफलं पातेल्यात पडायची. वहिनी धारवाडच्या, शाळा सगळी कन्नडमधली. मराठी छान बोलत, पण वाचायला येत नसे. पातेल्यात डोकावून त्या म्हणायच्या, "आज काहीतरी चांगलं लिहिलेलं दिसतंय, सगळी टरफलंच आहेत." अण्णाच्या कवितेवर इतकं नेमकं मत कुठल्या समीक्षकानेही दिलं नसेल.

ज्या कवितेने त्याचं नाव झालं ती आईवरची. आमचे वडील लवकर गेले आणि आई बेळगावकडे लग्नघरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तिची एक अट असायची. नैवेद्य झाला की, पहिली पंगत बसायच्या आत, आम्हा दोघांचा वाटा ती आपल्या डब्यात काढून घेणार. बोलणी होतानाच ती हे सांगून टाकायची आणि ज्याला पटत नसेल त्याच्याकडे जायची नाही. लाडू, मसालेभात, कधी नशीब असलं तर मांडे... आम्ही उंबऱ्यावर बसून वाट बघायचो. आई पाय धुऊन आत यायची, डबा उघडायची आणि म्हणायची, "पहिलं तुमचं, मग गावाचं."

कवितेत मात्र अण्णाने लिहिलं की पंगत उठल्यावर आई उष्ट्या पत्रावळींवरून आमच्यासाठी लाडू वेचून आणायची.

इथल्या एका मराठी मंडळात त्याने ती पहिल्यांदा वाचली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आई तेव्हा त्याच्याकडेच राहायला आलेली, ठेवणीतलं नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. त्या ओळीला हॉलभर रुमाल निघाले. मी आईच्या शेजारी होते, माझेही डोळे भरून आले, आणि हे असं कधी घडलंच नव्हतं हे मला नंतर उमगलं. कार्यक्रम संपल्यावर बायका आईचे हात हातात घेऊन म्हणत होत्या, "फार सोसलंत हो." आई सगळ्यांना मान हलवत होती. घरी आल्यावर पदर खोचून तिने विचारलं, "वसू, मी उष्टं आणलं होय रे कधी?"

"कवितेला तसं लागतं, आई."

"कवितेला लागतं, म्हणून मी पोरांच्या ताटात उष्टं वाढलं?"

त्यानंतर आई मंडळात गेली नाही. गणपतीत बायका तिला मोदकांना बोलवायला आल्या तर म्हणाली, "माझ्या हातचं कशाला खाता? माहिती आहे ना आता, मी काय खाऊ घालते ते." अण्णा दाराआड उभा राहून ऐकत होता. पुढच्या वाचनात त्याने ओळ बदलली, खरं तेच म्हटलं. कविता पडली. मागून कोणीतरी विनंती केली, मूळची ओळच म्हणा. मग त्याने ती वाचणंच सोडलं, पण छापलेली कविता कवीचं ऐकत नाही. पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीसाठी आलेला एक तरुण एकदा पत्ता शोधत घरी आला, आईच्या पाया पडला आणि ती ओळ त्याने तिला पाठ म्हणून दाखवली. अण्णाची मान शेंगांच्या ढिगात गेली. आई त्या मुलाला म्हणाली, "बस बाळ, जेवून जा. आमच्याकडे ताजं असतं."

आई गेली ती ही गोष्ट मनात ठेवूनच गेली.

गेल्या रविवारी मंडळाने अण्णाच्या कवितांचं वाचन ठेवलं होतं. वहिनींना गर्दी सोसवत नाही म्हणून घरातर्फे मीच गेले. शेवटी तीच कविता झाली, त्याच ओळीसकट. उठून खरं काय ते सांगणारी दोन वाक्यं बोलायची होती. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवू लागले आणि मीही वाजवल्या.

तिथून सरळ वहिनींकडे गेले. त्या जेवणाचीच तयारी करत होत्या. माझं ताट घेण्याआधी त्यांनी एक डबा पुढे ओढला आणि प्रत्येक भांड्यातलं पहिलं वाढप त्यात भरलं: भात, सारू, कोशिंबीर, वर दोन पोळ्या. हा डबा कामाला येणाऱ्या लक्ष्मम्माच्या मुलांसाठी. आई गेल्यापासून अण्णा रोज स्वतः भरायचा, आणि तो भरल्याशिवाय घरात कोणी जेवायला बसायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. "आजारात हात कापायचे, तरी मला चमचा देत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "आई बघतेय म्हणायचे."

मग त्यांनी विचारलं, "तिथे ती ओळ वाचली काय?"

मी हो म्हणाले. टाळ्यांचंही सांगितलं.

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. "मला मराठी लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुला येतं की."

म्हणून हे लिहिलं. आमच्या आईने आम्हाला उष्टं कधीच खाऊ घातलं नाही. हे अण्णाला माहीत होतं आणि मलाही.