दादाच्या हातचे तांदूळ

देवळात हात जोडले तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत मी रानातल्या एका वेलीच्या मुळीतली द्रव्यं वेगळी काढत होते. काचेच्या बशीत यकृताच्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी मरायच्या, पण माणसात काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमका तोच आजार माझ्या थोरल्या भावाला, मुलचेऱ्याजवळ धान पिकवणाऱ्या दादाला निघाला. देवाची ही थट्टा मला मुळीच आवडली नाही.

डॉक्टरांनी आता फक्त दुखणं सुसह्य व्हावं म्हणून औषध दिलं होतं. दादा मात्र दर फोनवर विचारायचा, "बाई, तू त्याच्यावरच काम करून राह्यली ना? मग ते मुळी दे ना मले." मी धावत गावी जायची, उद्या-परवा करून परतायची. ती अजून औषध झालेली नाही, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी एकदा "आणते" म्हणाले आणि गावाहूनच अहेरीला निघाले. एवढी शिकलेली मी, पण बुडत्याला काडीचा आधार.

अहेरीच्या बाजारात जडीबुटी विकणारी, तीच मुळी रानातून खणून देणारी एक म्हातारी भेटली. तिची रीत अशी, की खणण्याआधी वेलीला हळद लावलेल्या तांदळाचं आवतण द्यायचं. मी बाजारातूनच तांदूळ घेऊन पुढे केले.

"रोग्यानं हातात धरले होते का?"

"नाही, मीच आणले."

"मंग नाई चालत, बाई. त्याच्या हातचे घेऊन ये."

मी हुज्जत घातली, चिडलेही. मग मुकाट्यानं परतीची एसटी धरली.

दादानं तांदूळ मुठीत घेतले आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. "आता नको जाऊ वो." मला रडूच फुटलं. मुळीचं खरं ते सगळं सांगून टाकलं.

"मले समजत होतं," तो म्हणाला. "मुळीचं नाव काढलं का तू येत होती. म्हणून विचारत होतो."

नंतरचे दिवस मी त्याच्या उशाशीच होते. धान कापणीला येण्याआधी तो गेला. मुळीवरचं काम चालू आहे. कधी तरी कोणाच्या भावाला तिचा उपयोग होईलही. म्हातारीनं मला माघारी धाडलं ती देवाचीच करणी, असं मी मानते, आणि ते उपकार फिटायचे नाहीत. पण आधीच त्याच्याजवळ जाऊन बसले असते तर, ही हळहळ काही सरत नाही. रोज ती देवाच्या पायाशी ठेवते आणि कामाला लागते.