एक उदाहरण पुरतं

नगरच्या कॉलेजात मी गणित शिकवायची आणि दर शनिवारी एसटीने पुण्याला पीएच.डी.च्या मार्गदर्शकांकडे जायची. बाई माणसाने संशोधन करावं, याचं आमच्या विभागप्रमुखांना भारी वावडं. त्यांनी शनिवारचे तास मुद्दाम माझ्या माथी मारले. मी ते सकाळी सातला घेऊ लागले. मुलं जांभया द्यायची, पण यायची.

गणितात ठरावीक नियम पाळणाऱ्या संचाला ग्रुप म्हणतात; त्यातल्या एका विशिष्ट प्रकारचे सगळे ग्रुप आतून एकसारखेच असतात, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यात दोन वर्षं घातली. मार्गदर्शक म्हणाले, आता वर्षभर अभ्यासरजा घ्या आणि प्रबंध संपवा. रजेला प्रमुखांची सही हवी. त्यांनी अट घातली, आधी विभागापुढे सिद्धता मांडा.

त्याच आठवड्यात एसटी सुप्याला पंक्चर झाली. बसल्या बसल्या सिद्धतेची उजळणी करताना तिची एक पायरी निसटली. ती सावरायला गेले, तर बाकीच्यांसारखा मुळीच नसलेला एक ग्रुप हाती आला. मला रडूच कोसळलं.

मिरजगावच्या विहिरी आटल्या म्हणून सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्या म्हणाल्या, "चुकलंय तर गप बस की. त्या लोकास्नी काय कळतंय?"

"आणि कळलं तर?"

"तरी बी गप बस."

गप्प बसणं माझ्या रक्तातच नव्हतं. विभागापुढे उभी राहिले आणि माझं प्रमेय मीच मोडून दाखवलं. प्रमुखांचा चेहरा खुलला.

"म्हणजे बाई, दोन वर्षं पाण्यात. मग रजा कशाला?"

"सगळे गणिती हे विधान खरं धरून चालले होते, सर. खोटं पाडायला एक उदाहरण पुरतं. असे आणखी कोणते ग्रुप आहेत, त्यावर आता प्रबंध होईल."

"घरी विचारलंत?"

"घरी ग्रुप थिअरी कुणाला येत नाही. तुम्हाला येते." मी खडू त्यांच्यापुढे धरला. "यात चूक दाखवा. रजेचा अर्ज इथंच फाडते."

खडू घेऊन ते फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. बाकीचे प्राध्यापक खाली बघत होते. मला प्रमुखांची कीव आली नाही, आजही येत नाही. शेवटी त्यांनी खडू ठेवला, पेन काढलं आणि सही करता करता बजावलं, "एक वर्ष. वर एक दिवस मिळणार नाही."

मी दीड वर्ष घेतलं.