तपासणीपुरती गादी

अनुदानित वसतिगृह हे शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं फिरतं. मैत्रिणी म्हणतात, सोड ना यार, किती वर्षं झाली. का सोडू?

बारावीनंतर मी जालन्याकडून मुंबईला आले, अंधेरीच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली म्हणून. राहायची सोय जोगेश्वरीला, आत्याच्या एका खोलीत. पण दिवाळीनंतर तिच्या मुलाचं लग्न होतं. नवी सून आल्यावर मी झोपणार कुठे? आत्या वाईट नव्हती, खोलीच तेवढी होती. आईने बजावलं होतं, "हॉस्टेल मिळालं तर शीक, नाहीतर गुमान घरी ये." घरी येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. एक स्थळ सांगून आलंच होतं.

बोरिवलीला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. सरकार दर मुलीमागे संस्थेला पैसे देणार आणि मुली फुकट राहणार, अशी ती योजना. संस्था चालवणारे सर आमच्याच तालुक्यातले, आमच्याच समाजातले. जयंतीला वस्तीत भाषणाला यायचे. लेकींना शिकवा म्हणताना त्यांचा गळा दाटायचा आणि बाया पदराने डोळे पुसायच्या. त्यात माझी आई सगळ्यांत पुढे! आपला माणूस आहे, तो वाऱ्यावर सोडणार नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. मीही त्याच भरवशावर होते.

कितीदा गेले तरी सर म्हणायचे, "जागा नाही, बघू." मग एके दिवशी सकाळीच फोन. "बॅग घेऊन ये, तुझी सोय झालीये."

मी आत्याचा निरोप घेतला, सगळं सामान उचललं आणि निघाले. रिक्षातूनच आईला कळवलं. वर खोलीत लोखंडी खाटा, त्यांवर जाडजूड गाद्या, पांढऱ्या चादरी. एकदम झकास! सरांनी आम्हा नव्या मुलींना उभं केलं. "आज खात्याचे साहेब येतायत. कधीपासून राहतेस विचारलं, तर जूनपासून सांगायचं. नाहीतर तुमचंच अनुदान अडकेल." मला वाटलं, असेल काही कागदाची भानगड.

साहेब आले. नेमकं मलाच विचारलं, "जेवण कसं असतं?"

"छान असतं सर, रोज," मी म्हटलं. त्या दुपारी श्रीखंड-पुरी होती.

साहेबांची गाडी गेली आणि फाटकात टेम्पो लागला. मंडपवाल्याची माणसं वर आली आणि भराभर गाद्या गुंडाळायला लागली. मी माझ्या गादीवर ठाण मांडून बसले. त्यांचा काहीतरी घोळ झालाय असंच वाटलं मला. त्यांतला एक म्हणाला, "ताई, उठा ना. संध्याकाळी दिंडोशीला हळद आहे, तिकडे टाकायच्यात."

शेजारच्या खाटेवरची मुलगी केस विंचरत हसली. ती तिथल्याच वस्तीत राहायची. "तुला सांगितलं नाही? अगं, तपासणीला बोलावतात आपल्याला. दरवर्षी असतं हे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बॅग घेऊन मी तडक खाली गेले. सर फाटकापाशी होते.

"सर, माझी खाट?"

"पुढच्या वर्षी नक्की बघू. समाजासाठी एवढं केलंस, मी विसरणार नाही."

"डोंबलाचा समाज! सोय झाली म्हणालात तुम्ही! मी सगळं सामान घेऊन आलेय!"

"आवाज खाली, पोरी," सर म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे माझी आई. मला गप्प करायला चांगलीच संधी मिळाली त्यांना. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? पोरीला जागा मिळाली म्हणून मी त्या स्थळाला नकार कळवून टाकला. आता शिकू दे तिला."

"आपलीच लेक आहे ताई. काळजी करू नका," सर म्हणाले. आवाजात तोच दाटलेला गळा!

"जवळ आहे का ती? पाया पड म्हणावं तुमच्या."

आणि तो माणूस, शप्पथ सांगते, फोन हातात धरून, पाय जुळवून माझ्यासमोर उभा राहिला.

खरं बोलले असते तर रात्रीच्या गाडीने घरी जावं लागलं असतं. मी फोनकडे तोंड केलं. "पडले गं आई," म्हटलं, आणि न वाकता हातातली बॅग खांद्याला लावली.