रखमाजी मामांचा दुसरा मास्क

स्क्रीनवर रखमाजी मामांचा हात पुन्हा वर गेला. मी किरणांचा बीम थांबवला, जाड दार उघडलं आणि आत धावले. मास्कचे क्लॅम्प सोडले तसे मामा ताडकन उठून बसले.

"बास झालं मॅडम. जीव गुदमरतोय. मेलो तरी चालंल, पण ते जाळं तोंडावर नको."

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणजे कॅन्सरला शेक देणारी बाई. इथं सगळे शेकच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मामांना गालाचा कॅन्सर होता. तोंडाला शेक देताना डोकं जरासुद्धा हलून चालत नाही. म्हणून प्लास्टिकची एक जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. ती गार झाली की चेहऱ्याचा साचा तयार. तोच मास्क रोज घालायचा, तो टेबलाला जखडायचा आणि आम्ही बाहेर यायचं. आत पेशंट एकटा. मिनिटं मोजकीच असतात. पण मामांचा जन्म पडेगावच्या पुढं, मोकळ्या माळावर शेरडांमागं गेलेला. त्यांना ती मिनिटं जड जाणारच.

"समजावून सांगा," डॉक्टर म्हणाले. "अर्धवट सोडलं तर सगळं पाण्यात जाईल."

समजावून समजावून माझा घसा बसला होता. शेवटी डॉक्टरांना विचारून मी मामींनाच वेटिंगमधून मशीनच्या कन्सोलपाशी आणलं आणि माइक पुढं केला. "बोला मामी, त्यांना आत ऐकू जातं."

मामींनी पदर सावरला. "अहो, ऐकता का? तुमच्या त्या लाडक्या बोकडानं सरपंचाच्या सुनंची वाळत घातलेली साडी खाल्ली."

स्क्रीनवर मामांचं पोट गदगदायला लागलं. माणूस हसत होता! मी पुन्हा बीम थांबवला.

"मामी, हसवू नका हो!"

"मग काय, रडवू?"

"साधं बोला. घरी बोलता तसं."

"घरी तर मी नुसत्या शिव्या घालते."

"मग घाला."

मामी सुटल्याच. तंबाखूची पुडी उशाखाली कोण लपवायचं, पोरीच्या लग्नात कोण रुसून बसलं होतं, सगळं निघालं. आत मामा निपचित. "घरीबी असंच," मामी मला म्हणाल्या. "मी सुरू झाले की हूं नाय की चूं नाय."

त्या दिवसापासून मामांचा शेक मामींच्या तोंडाच्या जोरावर चालू लागला. बाहेर बसलेले पेशंटही कान टवकारून ऐकायचे. उस्मानपुऱ्यातल्या एका शिक्षिकाबाई तर स्वतःचं आटोपलं तरी घरी जायच्या नाहीत. "आज काय निघालं?" असं विचारूनच उठायच्या.

असं मजेत चाललं होतं आणि एका सोमवारी मामा आले ते ओळखूच येईनात. डोकं गुळगुळीत. आणि ती भरघोस पिळदार मिशी? सफाचट!

"मामा, हे काय करून बसलात?"

"चुलता वारला न्हवं का. काल दहावा झाला. भावकीतल्या समद्यांनी काढले केस."

"अहो, शेक चालू असलेल्या कातडीवर वस्तरा फिरवला?"

"मग सुतकात मिशी ठेवू व्हय? लोक काय म्हणतील?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मास्क बनवला होता तो दाट केसांवर आणि त्या मिशीवर. आता आत डोकं हलत होतं. तपासायला इमेज काढली, ती आधीच्या इमेजशी जुळेना. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, नवा मास्क, नवं प्लॅनिंग. म्हणजे शेकात खंड, आणि पुन्हा ती गरम शीट तोंडावर.

मामांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. "एकदा सोसलं. पुन्हा नाय. चल गं घरी."

मला संताप आला आणि रडूही. अर्ध्याच्या पुढं आलो होतो आम्ही. मामी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"चुलत्यासाठी मिशी दिली तुम्ही," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा बारीक आवाज मी ऐकला नव्हता. "माझ्यासाठी येवढं सोसवंना? तुम्ही गेल्यावर मी कुणाला बोलू? बोकडाला?"

मामा दारातून मागं फिरले. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला.

"म्हातारं गेलं ते गेलं," ते पुटपुटले, "माझा मुखवटाबी घेऊन गेलं. आणा तुमची ती शीट."

मास्क बसवताना मामी टेबलाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी मामांचे दोन्ही पाय धरून ठेवले होते. या वेळी एक शब्द बोलल्या नाहीत. मामाही हलले नाहीत.

शेक पूर्ण झाला. तोंड आलं, वजन उतरलं, कितीतरी दिवस मामा नुसत्या आंबिलीवर होते. परवा चेकअपला आले. डॉक्टर म्हणाले, सध्या तरी गाठ दिसत नाही, पण तपासायला येत राहा. मिशी मात्र एकाच बाजूला उगवली होती. शेक लागलेल्या जागी केस येत नाहीत कधी कधी.

"पार येड्यावानी दिसतंय, मॅडम," मामी करवादल्या. "काढून टाका म्हणलं तर ऐकत नाय."

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाले. "तुला बोलायला कायतरी पायजे."

हल्ली मास्क बनवण्याआधी मी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न जादा विचारते, "भावकीत कुणी म्हातारं आजारी नाही ना?" लोक आधी चमकतात. मग मी मामांच्या मिशीचं सांगते. ते हसतात, चेहरा सैल पडतो, आणि शीट नीट बसते.