मागच्या खोलीतली हवाबी

आखातातल्या मत्र्याच्या त्या गल्लीत हवाबीबद्दलची बातमी चवीचवीनं चघळली जाई: म्हातारी म्हणजे जुन्या अर्बाबची, हवेलीच्या मालकाची, लपवलेली दुसरी बायको! नाहीतर असल्या हवेलीत इतकी वर्षं कोण कुणाला ठेवून घेतं? खोटं हो, साफ खोटं. अर्बाबला हवाबीच्या हातच्या कालवणाशिवाय घास उतरत नसे, एवढंच काय ते लफडं. राजापूरहून ती स्वयंपाकाला आली आणि मुदपाकखान्यामागच्या खोलीत राहिली, ती राहिलीच.

हवेली मात्र नखरेल. अर्बाबच्या आजोबांनी इटलीत कुणा सरदाराचा शेकडो वर्षांपूर्वीचा महाल पाहिला आणि इथं समुद्राकडे तोंड करून तस्साच उठवला. त्याच गोल कमानी, तेच खांब, छतावर द्राक्षांचे वेल. अर्बाब गेल्यावर मुलांनी ती सांस्कृतिक केंद्राला देऊन टाकली. जाताना मुलं हवाबीला म्हणाली, "खाला, तू राहा इथंच." म्हणायला काय जातं! केंद्राचा मॅनेजर उस्मान, त्याला खोलीचं विचारलं की उत्तर एकच: "देखेंगे, इन्शाल्ला." आखातात दिवस काढलेल्या माणसाला याचा अर्थ 'नाही', हे वेगळं सांगावं लागत नाही.

हवाबीला राजापुरात घर उरलं नव्हतं. होती ती एवढी खोलीच.

अशात मराठी मंडळाच्या अध्यक्षा श्यामलाताई आल्या.

"हवाबी, आमचं नाटक आहे हवेलीत. त्याआधी तुमचा सत्कार करायचा ठरलंय."

"सत्कार कशाला, बाय? माझ्या खोलीचं तेवढं उस्मानच्या कानावर घाल."

"अहो, एकदा स्टेजवर सगळ्यांनी तुम्हाला पाहिलं की त्याची काय बिशाद!"

आपल्या लोकांचा शाल-श्रीफळावर भारी विश्वास. नारळ हातात पडला की माणसाचे सगळे प्रश्न सुटले! हवाबीनंही तो विश्वास धरला. ईदची हिरवी साडी नेसून ती कमानीखाली बसली. शाल पडली, नारळ आला. श्यामलाताई "या वास्तूत जीव ओतणारे हात" वगैरे छान बोलल्या. हवाबी आपली खोलीचा शब्द कधी निघतो, तिकडे कान लावून.

निघाला. उस्मान माईकवर आला.

"श्यामला मॅडम, नाटकवालों के लिए मेकअप रूम माँगा था न आपने? किचन के पीछेवाला कमरा अब आपके मंडल का! खाला कल खाली कर देगी."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी श्यामलाताईंच्याच, सवयीनं. मग त्यांचे हात हवेतच थांबले.

"हवाबी, शप्पथ... कुठली खोली देणार, ते मी विचारलंच नव्हतं हो."

फोटोवाला ओरडला, "आजी, जरा हसा!"

हवाबी हसली नाही. श्यामलाताईंकडे बघत म्हणाली, "पांघरायला शाल दिलीस, बाय. आता निजायचं कुठं, तेही माईकवरच सांग."